चारशे मीटरमधले शेवटचे ऐंशी मीटर : आधी हार कोण मानतं, पाय की मन?

लेन_सहा

नमस्कार मंडळी. लांब पल्ल्याच्या धावण्यावर इथे पुष्कळ धागे आहेत, मॅरेथॉनवर तर विचारायलाच नको. कमी अंतराच्या शर्यतींवर मात्र शोधूनही फारसं सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझं वय ४४. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ट्रॅकवर पाऊल ठेवलं. मास्टर्स गटात (म्हणजे पस्तिशीपुढच्यांच्या) १०० आणि २०० मीटर पळून झाले आणि गेल्या वर्षापासून ४०० मीटरच्या नादी लागले. सगळ्यात चांगलं टायमिंग ७४.६२, गेल्या महिन्यातल्या शर्यतीतलं. मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, तर पहिले २०० मीटर ३३.५ सेकंदांत आणि दुसरे ४१.१ सेकंदांत.

प्रश्न असा. शेवटचं वळण संपवून सरळ रेषेत आले की वीसेक मीटर बरे जातात. मग मांड्या उचलेनाशा होतात. खांदे कानांपर्यंत चढतात, मान मागे जाते, हात पुढे-मागे जायच्या ऐवजी छातीसमोर आडवे फिरायला लागतात. समोर फिनिश लाईन दिसत असते आणि मी जागच्या जागी पळतेय असं वाटतं. शर्यत संपल्यावर पंधरा मिनिटांनी मात्र मी पुन्हा ठीक असते, आणि तेव्हा मनात येतं की अजून थोडा जोर लावता आला असता.

खरंच लावता आला असता का? ज्यांनी या अंतरावर स्वतःची हद्द पुढे सरकवली आहे, त्यांनी ती नेमकी कशी सरकवली? कितीही बारीकसारीक तपशील असला तरी लिहा, मला सगळं वाचायचंय.

तिठा

वाचतोय. धागा फार आवडला. कमी अंतराबद्दल खरंच कोणी लिहीत नाही.

छातीठोक

मन. शंभर टक्के मन.

कॉलेजात असताना मी ५२ सेकंदांच्या आत-बाहेर पळायचो. एका शर्यतीत शेवटच्या सरळ रेषेत अगदी तुम्ही लिहिलंय तसे पाय शिशाचे झाले होते. चौथा की पाचवा होतो, सोडून द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात उजवीकडून मागच्या मुलाच्या स्पाईक्सचा आवाज आला. चर्रर्र, चर्रर्र. त्या आवाजाने काय झालं माहीत नाही, पण पाय परत उचलले गेले. तिसरा आलो आणि टायमिंग ५१.६, माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. पायात काही उरलंच नव्हतं तर ते आलं कुठून? होतंच ना आत. मन ते द्यायला तयार नव्हतं, एवढंच.

ताई, वेदनेला घाबरू नका. तिच्या आत शिरा. चारशे मीटर दुसऱ्या कुठल्याही मार्गाने पळता येत नाहीत.

मृद्गंधा

छातीठोक, अंगावर काटा आला वाचताना.

जुनं_स्टॉपवॉच

बावीस वर्षं मुलामुलींना १०० ते ४०० मीटर शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लेन_सहा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. ३३.५ आणि ४१.१. दोन अर्ध्यांत ७.६ सेकंदांचा फरक. दुसरा अर्धा भाग सगळ्यांचाच सावकाश होतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वेड व्हॅन नीकर्कने आठव्या लेनमधून ४३.०३ चा विश्वविक्रम केला. बाहेरच्या लेनमुळे सुरुवातीपासून सगळे त्याच्या मागे, समोर पाठलाग करायला कोणी नाही. त्यानेही पहिले २०० साधारण साडेवीस सेकंदांत आणि दुसरे साडेबावीस सेकंदांत काढले. म्हणजे त्याच्याकडेही दोन सेकंदांची घसरण आहे. हौशी धावपटूला तीन-साडेतीन होईल, चारही चालेल. साडेसात म्हणजे पहिल्या दोनशेतच खिसा रिकामा झालेला आहे.

एक सांगा, नुसत्या २०० मीटरचं तुमचं टायमिंग किती?

लेन_सहा

सर, ३२.४.

जुनं_स्टॉपवॉच

मग झालं तर. तुम्ही ४०० मधले पहिले २०० तुमच्या सर्वस्व ओतून पळलेल्या २०० पेक्षा जेमतेम एक सेकंद सावकाश पळताय. शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये मन आणि पाय भांडतायत असं तुम्हाला वाटतं, पण तोपर्यंत दोघांच्याही हातात फारसं काही नसतं. निकाल बॅक स्ट्रेटवरच, म्हणजे पहिल्या वळणानंतरच्या सरळ रेषेतच, लागून जातो. पहिले २०० साधारण ३५ मध्ये काढून बघा.

छातीठोक

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटत नाही. सुरुवातीला हात राखून पळणारा माणूस शेवटीही हात राखूनच पळतो. हिमा दासची २०१८ ची टाम्पेरेतली शर्यत आठवा. वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेची ४०० मीटरची फायनल. शेवटच्या वळणावर ती मागे होती, सरळ रेषेत आली आणि एकेकीला मागे टाकत ५१.४६ मध्ये सुवर्ण. ते स्प्लिट्सचं, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळांचं, गणित होतं? ती जिगर होती.

जुनं_स्टॉपवॉच

जिगर होतीच, त्याबद्दल दुमत नाही. पण ती शर्यत पुन्हा बघा आणि या वेळी बाकीच्या मुलींकडे बघा. हिमा सुसाट सुटल्यासारखी दिसते, कारण आजूबाजूच्यांचा वेग तिच्यापेक्षा जास्त पडत होता. ४०० च्या शेवटच्या शंभरात वेग वाढत नाही, कोणाचाच वाढत नाही. ज्याचा कमी पडतो तो पुढे जातो. तिने वळणापर्यंत स्वतःला नीट सांभाळलं होतं, म्हणून तिच्या जिगरीला काम करायला पाय शिल्लक होते.

स्नायूपुराण

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे पायांच्या बाजूने वकिली करते.

जोरात पळताना पहिली काही सेकंदं स्नायू स्वतःजवळच्या तयार साठ्यावर चालतात, एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट. हा साठा दहा सेकंदांच्या आसपास बराचसा उतरतो. पुढे साखर ऑक्सिजनशिवाय फोडून ऊर्जा मिळवली जाते. हे काम झपाट्याने होतं, पण त्यात हायड्रोजन आयन साचत जातात आणि स्नायूच्या आतलं वातावरण आम्लधर्मी होतं. शिवाय क्रिएटिन फॉस्फेट फुटून उरलेलं फॉस्फेटही स्नायूच्या आकुंचनाच्या आड येतं. मेंदूने 'आवळ' म्हटलं तरी तंतू पूर्वीइतक्या ताकदीने आवळत नाहीत. लेन_सहा, तुमच्या मांड्या उचलत नाहीत त्यात आळस किंवा भित्रेपणा कुठेही नाही.

जाता जाता एक गैरसमज. लॅक्टिक अॅसिड साठलं म्हणून दोन दिवस पाय दुखतात, असं सर्रास म्हटलं जातं. लॅक्टेट तासाभरात रक्तातून पूर्वपदावर येतं आणि शरीर ते इंधन म्हणून वापरतं. दोन दिवसांनी दुखतात त्या स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा.

छातीठोक यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. मेंदू थोडं राखून ठेवतो आणि मागे पावलं ऐकू आली की त्यातलं थोडं सोडतो, हे मलाही मान्य आहे. मात्र तो साठा छोटा असतो. काही दशांश सेकंद देईल, साडेसात सेकंदांची भरपाई नाही करणार.

छातीठोक

काही दशांश सेकंदांनीच तर मी पाचव्याचा तिसरा झालो ना?

स्नायूपुराण

हो, तेही खरंच आहे.

बाबा_ट्रॅकबाहेर

माझी लेक १०० मीटर पळते, पंधरा वर्षांची आहे. तिचा अनुभव थोडा वेगळा आहे, पण इथे उपयोगी पडेल असं वाटतं.

वर्षभर तिचं टायमिंग १३.४ वर अडून बसलं होतं. दर शर्यतीत जिवाच्या आकांताने पळायची. दात आवळलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. एकदा शर्यतीनंतर तिला उठवायला हात पुढे केला तर तिच्या तळहातांवर नखांच्या चार-चार लाल चंद्रकोरी उमटलेल्या. मूठ इतकी घट्ट. मी ते तिच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी मैदानाच्या कडेची दोन वाळकी पानं उचलली, तिच्या दोन्ही हातांत एकेक दिलं आणि म्हणाल्या, "साठ मीटर पळ. पूर्ण वेगात पळ, पण पान मोडता कामा नये."

पहिल्या दिवशी सगळ्या पानांचा चुरा झाला. दुसऱ्या आठवड्यात एक पान अख्खं परत आलं. महिनाभराने दोन्ही पानं शाबूत यायला लागली, आणि त्याच सुमारास मॅडमनी घेतलेल्या ट्रायलमध्ये १३.१. मुलीला वाटत होतं की आज आपण जरा निवांतच पळालो. घड्याळ दाखवलं तर विश्वास बसेना.

म्हणून मला वाटतं, जोर लावला म्हणजे वेग वाढलाच असं नसतं. माझ्या मुलीचा अर्धा जोर जबड्यात आणि मुठीत जात होता.

मृद्गंधा

ती पानांची युक्ती कसली सुंदर आहे! बाबा, लेकीला खूप शुभेच्छा सांगा.

जुनं_स्टॉपवॉच

बाबा_ट्रॅकबाहेर, त्या मॅडमना माझा नमस्कार कळवा. पळताना मांडीचा पुढचा स्नायू आवळतो तेव्हा मागचा सैल पडायला हवा, आणि लगेच उलट. सेकंदात चार-साडेचार वेळा पाऊल पडतं, तेवढ्या वेळात ही देवाणघेवाण व्हायची असते. सगळं अंग आवळून धरलं की स्नायू एकमेकांनाच ब्रेक लावतात. १०० मीटरला आपण वरच्या वेगाला पोचलो की पुढचं काम तो वेग सांडू न देण्याचं असतं. बोल्टच्या २००९ च्या बर्लिनमधल्या ९.५८ मध्येसुद्धा ६० ते ८० मीटरचा तुकडा १.६१ सेकंदांचा आहे आणि शेवटचे वीस मीटर १.६६ चे. म्हणजे तोही मंदावत होता. त्या शेवटच्या तुकड्यात त्याचा चेहरा बघा, गाल नुसते लटपटत असतात.

शून्य_सेकंद

अवांतर करतो, माफ करा. टायमिंगचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. हाताच्या घड्याळाचं आणि इलेक्ट्रॉनिक टायमिंग एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. घड्याळ धरणारा सुरुवातीला पिस्तुलाच्या धुरावर किंवा आवाजावर बटण दाबतो, तिथे त्याला उशीर होतो. फिनिशला मात्र धावपटू येताना दिसत असतो, त्यामुळे तो वेळेवर दाबतो. हाताने घेतलेला वेळ त्यामुळे कमी भरतो. रूढ हिशोब १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद आणि ४०० ला ०.१४ सेकंद मिळवायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरला चौथे आले, तेव्हा हाताच्या घड्याळाने ४५.६ आणि विजेच्या घड्याळाने ४५.७३, असे दोन आकडे म्हणूनच सापडतात.

बाबा, लेकीचं १३.१ हातघड्याळाचं असेल तर इलेक्ट्रॉनिकला १३.३-१३.४ येईल. तिचा हिरमोड व्हायला नको, म्हणून आधीच सांगतोय.

बाबा_ट्रॅकबाहेर

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. आधीचं १३.४ सुद्धा त्याच मॅडमच्या त्याच घड्याळातलं आहे, म्हणजे सुधारणा खरीच म्हणायची ना?

शून्य_सेकंद

शंभर टक्के खरी. तीन दशांश म्हणजे या अंतरावर दोन-सव्वादोन मीटर.

तिठा

मिल्खा सिंग आले की पी. टी. उषा आठवतेच. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळा. ५५.४२ आणि कांस्य ५५.४१ ला. एक शतांश सेकंद. छाती रेषेवर झोकून द्यायची राहिली, असं तेव्हापासून ऐकत आलोय. मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या पीटीच्या सरांनी अख्ख्या वर्गाला मैदानावर नेलं आणि चुन्याची रेघ मारून छाती पुढे टाकायला शिकवलं. डोकं नाही, हात नाही, धड रेषेवर पोचलं पाहिजे. शिकवताना सरांचा आवाज भरून आला होता. एवढ्या वर्षांनी आजही शर्यत बघताना शेवटच्या पावलाला माझी छाती आपोआप पुढे जाते.

मृद्गंधा

तिठा, डोळ्यांत पाणी आणलंत.

सांज_सकाळ

थोडी वेगळी बाजू मांडते, कारण हा धागा वाचून कोणीतरी उद्या सकाळी मैदानावर जाऊन जीव तोडून पळेल अशी भीती वाटतेय.

वय ४७. दोन वर्षांपूर्वी मीही हद्द सरकवायला निघाले होते. तीन वेळा १५० मीटर ठरलं होतं. दोन झाले, फार मस्त झाले. मधली विश्रांती आठ मिनिटांची हवी होती, मी तीन मिनिटांतच उभी राहिले, कारण अंगात जोश होता. तिसऱ्यात साधारण शंभर मीटरला मांडीच्या मागे 'टप्' झालं. दुखलं नंतर, आवाज आधी आला. एखादी ताणलेली दोरी तुटावी तसा. हॅमस्ट्रिंग. अकरा आठवडे पळणं बंद.

त्या दिवशी माझ्या मनाने अजिबात हार मानली नव्हती, छातीठोक. मनाने थोडं लवकर ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

स्नायूपुराण

सांज_सकाळ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पाऊल पुढे टाकून ते जमिनीकडे येत असताना हॅमस्ट्रिंग एकाच वेळी लांब होत असतो आणि पायाला आवरतही असतो. बहुतेक वेळा तो तिथेच फाटतो, आणि दमलेला असेल तर धोका जास्त. पूर्ण वेगाच्या धावांमध्ये ढोबळमानाने दर दहा मीटरमागे एक मिनिट विश्रांती धरतात. वेळ वाया जातोय असं वाटतं, पण तो साठा भरून येण्याचा वेळ आहे. आठवड्यातून दोनदा नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम करा : गुडघ्यांवर उभं राहायचं, कोणीतरी घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. दुखापती कमी होतात हे चांगलं तपासलं गेलेलं आहे. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, यात कमीपणा नाही.

छातीठोक

सांज_सकाळ, वाचून वाईट वाटलं. माझं म्हणणं शर्यतीपुरतं होतं, सरावात असं करू नये हे मलाही मान्य आहे. आधी स्पष्ट लिहायला हवं होतं.

मृद्गंधा

हा धागा वाचल्यापासून आमचे हे जिना चढतानाही जबडा सैल सोडतायत. सासूबाईंनी काल काळजीने विचारलं, दाढ दुखतेय का म्हणून!

तिठा

मृद्गंधा 😂

वयाचा विषय निघालाय म्हणून : मन कौर यांनी ९३ व्या वर्षी पळायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये ऑकलंडला १०१ व्या वर्षी १०० मीटर ७४ सेकंदांत पळून सुवर्ण घेतलं. लेन_सहा, तुमच्यापुढे खूप रस्ता आहे.

लेन_सहा

सगळ्यांचे मनापासून आभार. छापून घेऊन सरावाच्या वहीत चिकटवण्यासारखा धागा झालाय. सर, ३५ मध्ये पहिले २०० काढायचा सराव कसा करायचा? मला वेग कळतच नाही. बंदूक वाजली की मी सुटते.

जुनं_स्टॉपवॉच

आठवड्यातून एकदा : २०० मीटर चार वेळा, प्रत्येक बरोबर ३५ सेकंदांत. ३४ आले तरी चूक आणि ३६ आले तरी चूक. मध्ये सहा ते आठ मिनिटं. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि रेषा ओलांडल्यावर आकडा बघायच्या आधी तुमचा अंदाज सांगा. अंदाज आणि घड्याळ जुळायला लागले की समजा, वेग अंगात उतरला.

दुसऱ्या दिवशी नाही, तीन-चार दिवसांनी : शर्यतीच्या वेगात ३०० मीटर, एक मिनिट उभं राहणं, मग १००. तो शेवटचा १०० म्हणजे तुमचे ऐंशी मीटर. त्यात जोर लावायचा नाही. खांदे खाली, हनुवटी समोर, हात खिशापासून गालापर्यंत. हात चालले की पाय मागून येतात. सांज_सकाळ यांची पोस्ट लक्षात ठेवा आणि मांडीमागे जरा जरी खेचल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी घरी जा.

लेन_सहा

(नऊ आठवड्यांनंतर धागा वर काढतेय.)

काल शर्यत झाली. लेन तीन. आठवडाभर झोपेतसुद्धा ३५ दिसत होते.

बॅक स्ट्रेटवर शेजारच्या दोघी माझ्यापासून सुटल्या आणि ते बघणं ही सगळ्या शर्यतीतली सगळ्यात कठीण गोष्ट होती. आजवर मी त्यांच्या मागे गेले असते. या वेळी मनात फक्त अंदाज लावत होते : हा ३५ आहे का? आहे. वळणात एक परत हाताशी आली. सरळ रेषेत शिरले, वीस मीटर, तीस मीटर, आणि मग तेच सुरू झालं, मांड्या जड. पण या वेळी मला ते येताना दिसलं. खांदे चढायला लागलेत हे कळलं आणि मी ते खाली सोडले. मुठीत पान आहे असं धरलं. बाबा, तुमच्या लेकीचं पान.

शेवटच्या तीस मीटरमध्ये मात्र सैल-बिल काही उरलं नव्हतं. तिथे डाव्या लेनमधून पावलं ऐकू आली आणि मला छातीठोक यांची पोस्ट शब्दशः आठवली. दात आवळले की नाही ते आठवत नाही. छाती टाकली एवढं नक्की.

७२.९४. इलेक्ट्रॉनिक. व्हिडिओवरून पहिले २०० ३५.१ आणि दुसरे ३७.८.

तिसरी आले. रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात ठेवून वाकले तेव्हा मूठ उघडून तळहात बघितले. डाव्या हातावर काहीच नव्हतं. उजव्यावर चार खुणा होत्या.

मृद्गंधा

ओरडलेच मी इथे! अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन!

बाबा_ट्रॅकबाहेर

लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, मावशीला सांगा उजव्या हातात दोन पानं धरायला.

छातीठोक

शेवटचे तीस मीटर माझ्या नावावर लिहा, बाकीचे ३७० सरांच्या. मनापासून अभिनंदन, ताई.

सांज_सकाळ

किती आनंद झाला म्हणून सांगू. मीही गेल्या महिन्यापासून परत ट्रॅकवर आहे. आठ मिनिटं म्हणजे आठ मिनिटं.

जुनं_स्टॉपवॉच

शाब्बास. २.७ सेकंदांचा फरक, व्हॅन नीकर्कपेक्षा फार लांब नाही. आता तिसऱ्या शंभराकडे बघू, २०० ते ३०० मध्ये तुम्ही थोड्या जास्तच राखून पळाल्या असाव्यात. व्हिडिओ असेल तर ३०० मीटरच्या खुणेपाशी थांबवा आणि आकडा इथे टाका.

लेन_सहा

बघते आणि रात्री टाकते.